अर्धा आटा

गाडी माझ्या नावावर आहे,
म्हणून इद्रिस मिस्त्रीनं आधी मला विचारलं,
"वहिनी, तुमचं काय म्हणणं?"
होमराज बॉनेटमध्ये वाकलेला, तिथूनच बोलला,
"तिले काय इचारतं, मिस्त्री. गाडीत दम पायजे."

वाडीचा नाका. मे महिना. सकाळी अकरालाच
पाना उचलायला फडकं लागतं.
छिंदवाड्याकडं गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या भरून निघालो
की सिल्लेवानीच्या घाटात आमची पिकअप
दुसऱ्या गिअरवर कण्हते,
मागचा ट्रकवाला हॉर्नवरचा हात काढत नाही.
हे सगळं मिस्त्रीला सांगून झालं होतं.
तरी त्यानं टर्बोला हात लावला नाही.

आधी साबणाचं पाणी मागितलं.
कॉम्प्रेसरनं पाइपात हवा भरली
आणि इंटरकूलरचा रबर बोटांनी चाचपत गेला,
कासार मनगट चाचपतो तसा.
तिसऱ्या क्लिपखाली एक बुडबुडा फुगला,
झोपलेल्या बाळाच्या ओठावर असतो तेवढा.
"हे पाहा. तुमचा दम इथं सांडून रायला.
फुटक्या घागरीले मोठी मोटर लावून काय होते?"

क्लिप बदलली. एअर फिल्टर झटकला,
वर्षभराच्या ग्राइंडरची भुकटी सांडली त्यातून,
काळी, चकाकणारी. तोही नवा घातला.
मग डॅशबोर्डला दोन भोकं पाडली,
होमराज कळवळला, जणू त्याच्याच अंगाला पाडली.
एक काटा हवेच्या दाबाचा,
एक धुराच्या तापाचा.
"काटा नाही तं आटा नाही," मिस्त्री म्हणाला.

त्यानंतर कुठं ती दांडी.
लॉकनट सैल केला, दांडी अर्धा आटा फिरवली,
नट परत कसला.
अर्धा!
होमराजला वाटलं, मिस्त्री अजून सुरुवात करतोय.

घाटात मी वही मांडीवर घेऊन बसले.
माल पूर्ण भरलेला, एसी बंद,
दाब चौदावरून सोळा पाउंड.
"साडेसहाशेच्या वर ताप गेला तर ओरडा, वहिनी,
आणि त्यानं पाय काढलाच पायजे."
सहाशे दहा. सहाशे पंचवीस.
काळा धूर नाही, आरशात फक्त धूळ.
गाडी तिसऱ्यात चढली,
एक बारीक शीळ घालत, स्वतःशीच.
होमराज हसला. मागच्या हप्त्यापासून
तो हसलेला मी पाहिला नव्हता.

परत येताच तो म्हणाला, "अजून एक आटा देना, मिस्त्री."

मिस्त्री आत गेला.
खिळ्यावर टांगलेलं एक टर्बोचं चाक काढून आणलं.
पाती वितळलेली, म्हाताऱ्या हिरडीसारखी.
कोणाच्या गाडीचं, ते सांगितलं नाही.
फक्त होमराजच्या तळहातावर ठेवलं
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत बसला.
चाक बराच वेळ हातात होतं.
मग त्यानंच ते खिळ्यावर परत टांगलं.

"वहिनी, नेलपॉलिश आहे का?"
माझ्या पर्समध्ये होतं, लाल, अर्धं सुकलेलं.
नट आणि दांडी दोन्हींवरून
मिस्त्रीनं एकच रेष ओढली.
"ही तुटली दिसली, तं कोणीतरी हात लावला समजा."
कोणीतरी म्हणताना त्यानं कोणाकडंच पाहिलं नाही.

आता रात्री घरासमोर इंजिन लगेच बंद होत नाही.
दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं,
टर्बो थंड होईपर्यंत.
शेजारचे बोपचे विचारतात, डिझेल वर आलं का तुमचं?
आम्ही अंधारात बसतो, स्टिअरिंगवर त्याचा हात,
मी टोलच्या पावत्या लावते.
कधी तो काही बोलतो. बहुतेकदा नाही.

काल टॉर्च घेऊन पाहिलं.
रेष सरळ आहे.
माझ्या उजव्या अंगठ्याचं पॉलिश मात्र
तिसऱ्याच दिवशी निघालं.